आडोसा आणि ऊन

रियाधवर वर्षातले बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते. पावसाळा असा ऋतूच नाही. हिवाळ्यात आणि वसंतात थोड्या सरी येतात, तेवढ्याच. अशा शहरात तान्ह्या मुलांना मुडदूस व्हावा आणि त्याचे कारण ऊन न मिळणे असावे, हे ऐकताना खरे वाटत नाही. पण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा मुडदूस झालेल्या बाळांच्या आयांमध्ये, आणि वरकरणी धडधाकट असलेल्या माणसांमध्येही, ड जीवनसत्त्व फार कमी निघाले. पुढे चाळीस वर्षे सौदी अरेबियाच्या निरनिराळ्या शहरांतून असेच निष्कर्ष येत राहिले: गृहिणींत, शाळकरी मुलींत, आणि रोज कामाला बाहेर पडणाऱ्या पुरुषांतही. ऊन दारात आहे आणि अंगावर येत नाही, म्हणजे मध्ये काहीतरी आडवे येते. त्या आडव्या येणाऱ्या गोष्टींत घराचा वाटा मोठा आहे आणि तो आजवर कमी मोजला गेला, असे माझे म्हणणे आहे. पुढची सगळी प्रकरणे या एकाच म्हणण्याच्या आधाराने लिहिली आहेत.

घर आणि आरोग्य या विषयावर हल्ली बोलणे सुरू होते ते वस्तूंपासून. हवा शुद्ध करणारे यंत्र, कोपऱ्यातले कुंडीतले झाड, मन शांत करणारा म्हणून विकला जाणारा रंग, पाठीला आधार देणारी खुर्ची. या वस्तू वाईट नाहीत. दुकानात मिळतात म्हणून त्यांच्याविषयी जास्त बोलले जाते, इतकेच. तब्येतीवर तीस-चाळीस वर्षे रोज परिणाम करणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. खोलीत उजेड कुठून येतो, खिडकी उघडता येते का, उघडली तर समोर कोण असते, झोपायच्या खोलीतली हवा कशी बदलते, म्हाताऱ्या माणसाला किती पायऱ्या चढाव्या लागतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात निरोगी घराच्या पाच अटी सांगितल्या होत्या: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. पाणी आणि निचरा आता नगरपालिका पाहते, स्वच्छता घरची माणसे पाहतात; हवा आणि उजेड मात्र घराचा आराखडा आणि त्याची अंतर्रचना यांच्याच हातात राहिले आहेत. सौदी घरात या दोन्ही गोष्टी नाइटिंगेलच्या यादीत नसलेल्या तिसऱ्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत. ती म्हणजे आडोसा. शेजाऱ्याची किंवा रस्त्यावरच्या माणसाची नजर घरातल्या बायकामाणसांवर पडू नये, ही तिथल्या घराची पहिली अट. ती असावी की नसावी हा वाद मी इथे घालत नाही. जिथे ती पाळली जाते तिथे बांधणीतून आडोसा साधला नाही तर तो पडद्याने साधावा लागतो, आणि पडदा एकदा ओढला की ऊन, वारा आणि झोप या तिन्हींचा हिशेब बिघडतो.

जुन्या घरांनी हा हिशेब कसा जुळवला होता, ते आधी पाहू. नज्दची, म्हणजे रियाधच्या आसपासच्या पठाराची, मातीची घरे दिरइय्यामधल्या तुरैफ भागात आजही पाहता येतात; २०१० साली युनेस्कोने त्या भागाला जागतिक वारसा ठरवले. कच्च्या विटांच्या जाड भिंती, वर इथल या वाळवंटी झाडाचे वासे, त्यावर खजुरीच्या झावळ्या आणि मातीचा थर. बाहेरच्या भिंतीला खालच्या बाजूने खिडकी जवळजवळ नाहीच. गरम हवा निघून जावी म्हणून उंचावर लहान त्रिकोणी भोके. सगळ्या खोल्यांची तोंडे आतल्या चौकाकडे. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात किंवा पुण्याच्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हा आराखडा समजावून सांगायला नको. बाहेरून बंद, आतून उघडे, आणि मधोमध आकाशाचा एक तुकडा घरच्यांच्या मालकीचा. गच्चीचा कठडा इतका उंच की आतले माणूस शेजारच्या गच्चीवरून दिसू नये. घर एकच असले तरी माणसे त्यात दिवसाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे फिरत: उन्हाळ्यात दुपारी खालच्या थंड खोलीत, रात्री गच्चीवर, हिवाळ्यात सकाळी चौकातल्या उन्हात. आडोसा आणि ऊन एकाच जागेत मिळत होते, म्हणून एकासाठी दुसरे सोडावे लागत नव्हते.

तांबड्या समुद्राच्या काठी जेद्दाहमध्ये हवा दमट, म्हणून तिथला तोडगा वेगळा. जुन्या शहरातली (हेही २०१४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे) चार-पाच मजली घरे प्रवाळाच्या दगडात बांधलेली, भिंतीत ठरावीक अंतराने लाकडाच्या आडव्या पट्ट्या, आणि दर्शनी बाजूला रोशन. रोशन म्हणजे भिंतीबाहेर काढलेला, जाळीने मढवलेला लाकडी सज्जा. सागवान त्यासाठी समुद्रापलीकडून, बरेचसे हिंदुस्थानातून येई. जाळीतून आतल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतले दिसत नाही. उजेड तुकड्यातुकड्यांनी येतो, वारा मात्र अडत नाही. आत बसायला बैठक, आणि वाऱ्याच्या झोतात ठेवलेले पाण्याचे मातीचे रांजण. वरच्या मजल्यांवर उघड्या गच्च्या आणि अगदी वर रात्री निजायची हवेशीर खोली. १८८१ साली पुरा झालेला नसीफ यांचा वाडा याचा सगळ्यांत प्रसिद्ध नमुना. दारातल्या कडुनिंबामुळे लोक त्याला झाडाचे घर म्हणत. राजे अब्दुलअझीझ १९२५ मध्ये जेद्दाहला आले तेव्हा याच वाड्यात उतरले होते. हसन फथी या इजिप्तच्या वास्तुतज्ज्ञाने अशा जाळीची पाच कामे सांगितली आहेत: उजेड आटोक्यात ठेवणे, वारा आटोक्यात ठेवणे, हवा गार करणे, तिच्यातला ओलावा वाढवणे आणि आडोसा देणे. आजच्या घरात यांतल्या प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र किंवा वेगळे कापड लागते.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल आणि तो योग्य आहे: त्या घरांतली माणसे काही आपल्यापेक्षा निरोगी नव्हती. बाळे दगावत, देवी येत, आणि पूर्व प्रांतात खुपऱ्यांनी इतक्यांची दृष्टी जात होती की अराम्को कंपनी आणि हार्वर्ड विद्यापीठाने १९५० च्या दशकात त्यावर संयुक्त संशोधन हाती घेतले. चुलीचा धूर, माशा, विहिरीचे पाणी हे सगळे त्या घरांत होते. म्हणून जुन्या घराकडे परत चला असे मी म्हणत नाही. त्या काळचे रोग जंतूंचे होते, आणि ते लस, औषधे, नळ आणि गटार यांनी हटवले. आजचे रोग सवयींचे आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे सौदीतल्या प्रौढांपैकी जवळजवळ १८ टक्क्यांना मधुमेह आहे. त्याच्या जोडीला वजन, अपुरी झोप, ठिसूळ हाडे. पहिल्या प्रकारच्या रोगांवर चौकाचा इलाज नव्हता. दुसऱ्या प्रकारच्या रोगांत मात्र माणूस दिवसभर कुठे बसतो, किती चालतो, किती उजेडात असतो याला महत्त्व आहे, आणि नेमक्या त्याच काळात चौक गेला.

तो कसा गेला याची गोष्ट नगररचनेच्या नियमांत आहे. १९५० च्या दशकात मंत्रालये मक्केहून रियाधला हलली आणि सरकारी नोकरांसाठी मलज ही वसाहत उभी राहिली. आखीव रस्ते, चौकोनी भूखंड, प्रत्येकाच्या मधोमध एक बंगला. तिथे त्याला सगळे व्हिला म्हणतात. चारही बाजूंनी जागा सोडायची, शेजाऱ्याच्या हद्दीपासून सहसा दोन मीटर, आणि भूखंडाच्या ६० टक्क्यांपर्यंत बांधायचे, असा दंडक पुढे देशभर पसरला. १९७४ साली स्थापन झालेल्या स्थावर विकास निधीने बिनव्याजी कर्जे दिली, ती याच नमुन्याच्या घरांना. सालिह अल्-हथलूल यांनी १९८१ साली एमआयटीमध्ये सादर केलेल्या प्रबंधात या बदलाची मुळातून मांडणी केली आहे; ते स्वतः पुढे नगररचना खात्यात वरच्या पदावर गेले. चौकाचे आकाश घराच्या आत होते. ते आता घराच्या भोवती चार अरुंद पट्ट्यांत वाटले गेले. दोन मीटरांच्या त्या बोळात ना झाड वाढते ना मूल खेळते, आणि पलीकडच्या व्हिलाच्या वरच्या मजल्याची खिडकी नेमकी आपल्या खिडकीसमोर येते. लोकांनी काय केले? कुंपणाच्या भिंतीवर पत्र्याचे उंच आडोसे चढवले. तिथे त्यांना सवातिर म्हणतात आणि कुठल्याही मध्यमवर्गीय वस्तीत ते दिसतात. खिडक्यांना आधी आरशासारखी काच, मग जाड पडदे. खिडकी घराबाहेरच्यांना दाखवायची वस्तू झाली आणि घरातल्यांसाठी तिची भिंत झाली.

हे निभले ते स्वस्त विजेमुळे. घरगुती विजेतली निम्म्याहून जास्त वीज हवा गार करण्यावर जाते. जानेवारी २०१८ पर्यंत महिन्याच्या पहिल्या २,००० युनिटांना दर युनिटला ५ हलाला (शंभर हलाला म्हणजे एक रियाल) दर होता. तो त्या महिन्यात १८ झाला. तोपर्यंत भिंत जाड करा, खिडकीला सावली द्या, असे सांगणाऱ्या वास्तुविशारदाचे ऐकण्याचे कोणाला कारणच नव्हते.

इथे दुसरा आणि सर्वांत वजनदार आक्षेप उभा राहतो: उष्णतेने माणसे मरतात, गार खोली त्यांना वाचवते. रियाधचे जुलैतले सरासरी कमाल तापमान त्रेचाळीस अंशांच्या पुढे जाते. जून २०२४ मध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ च्या वर गेला आणि १,३०० हून अधिक यात्रेकरू दगावले. एसीशिवाय या देशात आज कोणी राहावे असे सुचवणे क्रूरपणाचे होईल. पण एसी उन्हाळ्यातला इलाज आहे, आणि आजचे घर तो बाराही महिन्यांचा गृहीत धरून बांधलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत रियाधचे कमाल तापमान विशीच्या आसपास असते, रात्री थंडी पडते. धुळीचे दिवस सोडले तर नोव्हेंबर ते मार्च हे तिथे खिडक्या उघडायचे महिने आहेत. त्या महिन्यांतही खिडकी बंद राहते, आणि तेव्हा तिच्या आड शेजाऱ्याची खिडकी असते, उष्णता नसते.

हवेचेही तसेच. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा पुन्हापुन्हा गार करून सोडतो. हे इतके साधे आहे, तरी गार हवा म्हणजे ताजी हवा हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. रियाधमध्ये पूर्वी घरोघरी वाळवंटी कूलर होते, अकोला-नागपूरकडे उन्हाळ्यात खिडकीला लागतात त्याच जातीचे: बाहेरची कोरडी हवा ओल्या जाळीतून आत ओढायची आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाऊ द्यायची. त्यात धूळ येई, पाणी लागे, जेद्दाहच्या दमट हवेत त्याचा उपयोगही नव्हता. पण खोलीतली हवा दिवसभर बदलत राही. स्प्लिट आला, खिडकी बंद झाली, आणि एका खोलीत झोपलेल्या चार माणसांचा श्वास रात्रभर त्याच चार भिंतींत फिरू लागला. सकाळी डोके जड असणे याचे खापर आपण जागरणावर फोडतो. स्वयंपाकघरातला धूर, रंगाचा आणि दाबलेल्या लाकडाच्या कपाटांचा वास, हे सगळे त्याच हवेत साठते. कपाटांतला फॉर्मल्डिहाइड उष्णतेत जास्त सुटतो, हे तर रसायनशास्त्राचे साधे वास्तव. आणि बखूर. उदाचा धूर पाहुणचाराचा भाग आहे, तो बंद करा असे सांगणाऱ्याला त्या समाजात कोणी बसायलाही सांगणार नाही. पण निखाऱ्यावर जळणाऱ्या उदातून सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात, आणि बंद खोलीत ते कुठे जाणार? बैठकीच्या खोलीला वर एक झडप किंवा एक पंखा ठेवला तर रीतही राहते आणि फुप्फुसेही. या बाबतीत अंतर्रचनाकाराने करायचे काम धर्मोपदेशकाच्या कामाइतके कठीण नाही.

तिसरा आक्षेप उन्हाबद्दलचा. ड जीवनसत्त्व कमी आहे ते पेहरावामुळे. घराला दोष कशाला, आणि गोळ्या मिळतातच की. गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. कमतरता झालेल्याला आराखडा बदलून बरे करता येत नाही. पण पेहरावाचे कारण अर्धेच आहे. अबाया, म्हणजे बायकांचा अंगभर झगा, घराबाहेर घालायची असते, घरात नाही. बाईच्या कातडीला ऊन कुठे मिळेल हे तिच्या कपड्यांपेक्षा तिच्या घरात उघडी आणि तरी आडोशाची जागा आहे का, यावर ठरते. इथे एक गोष्ट वारंवार चुकते. मोठी काच लावली म्हणजे ऊन आले असे समजतात. साध्या खिडकीच्या काचेतून ज्या अतिनील किरणांनी ड जीवनसत्त्व तयार होते ते जवळजवळ येतच नाहीत. काचेतून उजेड येतो, उष्णता येते, फर्निचरचा रंग उडतो, पण हाडांना त्याचा उपयोग नाही. त्यासाठी वरून उघडी जागा लागते: चौक, गच्ची, सज्जा. रियाधमध्ये ड जीवनसत्त्वासाठी ऊन कोणत्या वेळी घ्यावे याचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उन्हाळ्यासाठी सकाळी ९ ते साडेदहा आणि दुपारी २ ते ३, तर हिवाळ्यासाठी १० ते २ या वेळा निघाल्या. हा निष्कर्ष डॉक्टरांच्या कामाचा आहे, पण मला तो नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर ठेवावासा वाटतो. गच्चीचा कठडा किती उंच, त्याची सावली सकाळी नऊला कुठवर, आडोशाची जाळी पूर्वेला की पश्चिमेला, हे सगळे त्यातून काढता येते. पत्र्याच्या आडोशापेक्षा तिरप्या पट्ट्यांची जाळी महाग पडते, तरी औषधांच्या हिशेबात ती महाग नाही.

काचेतून येणारा उजेड मात्र वाया जात नाही. त्याचे काम झोपेचे. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी थेट संबंध नसलेल्या, पण शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र सांगणाऱ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास पक्के झाले. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने आकडेच दिले: दिवसा डोळ्यांपाशी किमान २५० मेलानोपिक लक्स (या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचे माप), झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा जास्त नको, झोपेत १ च्या आत. पडदे ओढलेल्या दिवाणखान्यात दिवसा यातला पहिला आकडा गाठणे अवघड, आणि रात्री पांढऱ्याफेक दिव्यांच्या झुंबराखाली दुसरा पाळणे अशक्य. दिवस अंधारा आणि रात्र लखलखीत, असा उलटा क्रम घराने लावून दिलेला असतो. सौदी समाज उन्हाळ्यात आणि रमजानात रात्रीचा जागतो, त्याला हवामानाचे आणि धर्माचे सबळ कारण आहे. म्हणून इथे मी लवकर निजे वगैरे सुभाषित ऐकवणार नाही. मध्यरात्रीपर्यंत पाहुणे येणारच असतील तर बैठकीतले दिवे खाली, पिवळट आणि मंद असावेत, आणि मुलांच्या निजायच्या खोल्या त्या बैठकीपासून दूर असाव्यात. खर्च दिव्यांपुरताच.

आता बैठकीविषयी, म्हणजे मजलिसविषयी. इथे माझे मत बाहेरून येणाऱ्या आरोग्यवाद्यांशी जुळत नाही. व्हिलाचा तळमजला पुरुषांची मजलिस, बायकांची मजलिस, पाहुण्यांची जेवणखोली यांतच संपतो. सर्वांत मोठ्या खोल्या आठवड्यातले बरेच दिवस रिकाम्या, आणि घरची माणसे वरच्या लहान दिवाणखान्यात. हा अपव्यय आहे, मजलिस काढून टाका, असे सांगणारे सल्लागार पुष्कळ. पण २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांच्या जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त. हा परिणाम धूम्रपान सोडण्याच्या तोडीचा आहे. म्हणजे ज्या खोलीत माणसे येऊन बसतात ती आरोग्याची खोली आहे, मग डॉक्टरांनी तिला तसे म्हटलेले नसो. चूक खोलीत नाही, वाटपात आहे. उत्तम उजेडाची बाजू पाहुण्यांना आणि मागची काळोखी बाजू घरच्यांना, हे वाटप उलटे करता येते. मधली भिंत सरकती केली तर एकच जागा रोज घरची आणि गरज पडेल तेव्हा पाहुण्यांची होते. तळमजल्यावर न्हाणीघरासह एक निजायची खोली ठेवली तर गुडघे गेलेल्या आजीला वरच्या मजल्यावर अडकून पडावे लागत नाही. ती मजलिसमध्ये येऊ शकते. २०२२ च्या जनगणनेत सौदी नागरिकांपैकी ६३ टक्के तीस वर्षांच्या आतले होते. आज बांधलेल्या घरांत हेच लोक म्हातारे होणार आहेत, आणि गुळगुळीत संगमरवराच्या जिन्यांचे जाहिरातीतले कौतुक त्या दिवशी कोणाच्या कामी येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत घरातल्या दुखापती आणि चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्यांसाठी सोयीची घरे यांना स्वतंत्र स्थान आहे, ते उगाच नाही.

या विषयात पुरावा ताणला जातो, हे कबूल केले पाहिजे. खिडकीतून झाडे दिसली की रोगी लवकर बरा होतो, हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. त्याचा उगम रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या निबंधात आहे: पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रोगी, निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडे, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडेवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. निबंध चांगला आहे. पण एवढ्यावरून वाळवंटातल्या बंगल्याभोवती हिरवळ लावून तिला रोज गोडे पाणी पाजणे हा आरोग्याचा नव्हे, पाणीपुरवठ्याचा प्रश्न होतो. सावली देणारे एक बोरीचे किंवा कडुनिंबाचे झाड चौकात पुरे. रंगांच्या मानसशास्त्राविषयी या पुस्तकात फारसे नाही, कारण सांगण्यासारखे फारसे निघत नाही. असीरच्या डोंगरी भागातल्या कत्त या भिंतीचित्रांना मात्र जागा दिली आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. ती चित्रे घरातल्या बायका नातलग-शेजारणींना बोलावून काढतात, पालघरकडे लग्नाचा चौक वारली सुवासिनी मिळून लिहितात तशा. त्या रंगांनी कोणाचा रक्तदाब उतरला याचा पुरावा माझ्यापाशी नाही. चार बायका आठवडाभर एका भिंतीपाशी जमतात, याचे मोल मात्र वर दिलेल्या १४८ अभ्यासांत सापडते.

अखेरचा आक्षेप पैशाचा. हे सगळे व्हिलावाल्यांचे प्रश्न. २०२२ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख होती आणि त्यांत १ कोटी ३४ लाख परदेशी. जुबैलच्या कारखान्यांत, रियाधच्या कचेऱ्यांत, जेद्दाहच्या रुग्णालयांत काम करणारी मराठी कुटुंबे भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि एकटे आलेले कामगार कंपनीच्या छावणीत दुमजली खाटांवर. भाडेकरूला भिंत हलवता येत नाही. तरी पलंग कुठे ठेवायचा, जाड पडद्यामागे पातळ अर्धपारदर्शक पडदा लावून दिवसा फक्त तोच ठेवायचा, स्वयंपाकघरातला पंखा खरोखर बाहेर हवा टाकतो की नुसताच फिरतो, गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमधली चार हात जागा इमारतीतल्या बायकांना सकाळी वापरता येईल का, हे प्रश्न त्याच्याही आवाक्यातले आहेत आणि त्यांवर एक पूर्ण प्रकरण आहे. छावण्यांचे मात्र तसे नाही. तिथे प्रश्न मालकाच्या वहीतला आहे. आणि व्हिलातही एक खोली अशी असते जिच्याकडे कोणतेही सजावटीचे मासिक पाहत नाही: मोलकरणीची. बहुधा स्वयंपाकघराला लागून किंवा गच्चीवरच्या तापत्या छपराखाली, कित्येकदा धड खिडकीही नसलेली. घरात सर्वांत जास्त तास घालवणारी व्यक्ती तीच. कुठल्याही आराखड्याची तपासणी त्या खोलीपासून सुरू करावी, असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन. तिथे हवा आणि उजेड पोचला तर बाकीच्या घरात तो पोचलेला असतोच.

हे सगळे आता का, तर सौदीत सध्या घरे झपाट्याने बांधली जात आहेत आणि नियम हलले आहेत. बांधकाम संहितेच्या २०१८ च्या आवृत्तीने उष्णतारोधक भिंती आणि काचा यांविषयी कडक अटी आणल्या; मुस्तदाम ही घरांना गुण देणारी पद्धत २०१९ मध्ये आली. सार्वजनिक गुंतवणूक निधीने २०२० मध्ये काढलेल्या गृहबांधणी कंपनीने तर नावच रोशन घेतले, आणि मार्च २०२५ मध्ये देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांसाठी १९ स्थापत्यशैलींचा नकाशा जाहीर झाला. वारशाचा हा अभिमान चांगला. पण त्यातले बरेचसे दर्शनी भागावर थांबते. सिमेंटची साच्यातली जाळी बंद काचेवर चिकटवली तर ती दिसते रोशनसारखी, आणि तिच्यातून ना वारा येतो ना कोणी तिच्यामागे बसू शकते. उष्णतारोधक भिंत विजेचे बिल कमी करते, ते हवेच. पण घर जितके घट्ट बंद, तितकी ताजी हवा मुद्दाम आणावी लागते, आणि संहितेतली ती कलमे ठेकेदार सर्वांत आधी विसरतो. नियमांत दोनच बदल सुचवायचे झाले तर मी हे सुचवीन. चारी बाजूंनी सोडायच्या जागेचे क्षेत्रफळ मालकाला हवे तर आतल्या चौकात एकत्र करू द्यावे, आणि नकाशा मंजूर करताना समोरासमोरच्या खिडक्या तपासाव्यात. दोन्हींना वेगळा खर्च नाही. यांतल्या पहिल्या बदलाची आकडेमोड, नेहमीच्या ४०० चौरस मीटरच्या भूखंडावर, पहिल्या प्रकरणात केली आहे. ज्यांना वास्तुशास्त्राच्या नकाशांची सवय नाही त्यांनी ते प्रकरण ओलांडून सरळ दुसऱ्यावर, म्हणजे गच्चीवर, जायला हरकत नाही.